‘कारणे द्या’च्या खाली काय लिहिलंय, ते बघा

धनकवडीच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांची मुलगी सातवीत आहे. घरी जेवताना विषय निघाला, की शाळांची घडी बसवायची तर एखादं कडक, एकहाती सरकारच हवं. सासरे म्हणाले, आणीबाणीत गाड्या वेळेवर धावायच्या आणि मास्तरही वेळेवर यायचे. ताईंचे प्रश्न दोन आहेत. हुकूमशाहीत शाळा खरंच सुधारतात का? आणि पुस्तकात काहीही छापलं तरी आपण घरी खरं सांगतोच, मग मुलांचं एवढं बिघडतं काय?

मी चौतीस वर्षं पुण्यात इतिहास शिकवला. त्यातली शेवटची नऊ वर्षं बी.एड.च्या मुलामुलींना पाठ कसा घ्यायचा ते शिकवण्यात गेली. हे दोन्ही प्रश्न मला स्वतःला फार जवळचे आहेत, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी सासऱ्यांचं म्हणणं घेऊ. त्यांनी पाहिलं ते खोटं नाही. आणीबाणीच्या एकवीस महिन्यांत, जून १९७५ ते मार्च १९७७, कचेऱ्यांत आणि शाळांत हजेरी सुधारली होती असं त्या काळातले बरेच जण सांगतात. मी तेव्हा आठवी-नववीत होतो. आमच्याकडे प्रार्थना झाली की इंदिरा गांधींचा वीस कलमी कार्यक्रम वाचून दाखवत. काही मुलांना तो पाठसुद्धा होता. पण माझ्या मनात राहिलाय तो नागरिकशास्त्राचा एक तास. आमचे सर बोलायला लागले की घंटा ऐकू यायची नाही, एवढे रंगायचे. त्या दिवशी मूलभूत हक्कांचा धडा होता. सरांनी पुस्तक उघडलं, पानाकडे थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “हा धडा घरी वाचून या. पुढचा घेऊ.” आम्हाला आनंदच झाला, एक धडा कमी झाला. पुढे मी स्वतः शिक्षक झालो तेव्हा मला कळलं, की त्या तासाला वर्गात काय घडलं होतं. सर भित्रे नव्हते. घरी खाणारी सहा तोंडं होती आणि पगार एकट्याचा. सर त्या दिवशीही अगदी वेळेवर आले होते.

त्याच काळात उत्तर प्रदेशात शिक्षकांना नसबंदीच्या केसेस आणण्याचं लक्ष्य दिलं गेलं, ते पूर्ण झालं नाही तर पगार अडवण्याची धमकी होती. पुढे आणीबाणीतल्या अतिरेकांची चौकशी करणाऱ्या शहा आयोगासमोर हे सगळं आलं. आणि एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात नसते. घटनेत शिक्षण हा राज्यसूचीतला विषय होता. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अधिकारात गेला. आणीबाणी उठली, सरकार बदललं, त्या दुरुस्तीतलं बरंच काही नंतर मागे घेतलं गेलं, पण शिक्षण आजही समवर्ती सूचीतच आहे. ते योग्य की अयोग्य यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. मला एवढंच दाखवायचंय, की विरोधी पक्षांचे कितीतरी खासदार तुरुंगात असताना झालेला बदल पन्नास वर्षांनंतरही आपल्या शाळांवर लागू आहे. चिलीतही असंच झालं. लष्करी हुकूमशहा पिनोचेतच्या राजवटीने शिक्षणाचा मूलभूत कायदा जाहीर केला तो १० मार्च १९९० ला, नवीन निवडून आलेले अध्यक्ष सत्तेवर येण्याच्या आदल्या दिवशी. त्याविरुद्ध २००६ मध्ये तिथली शाळकरी मुलं गणवेशात रस्त्यावर उतरली. त्यातल्या बहुतेकांचा जन्म त्या कायद्याच्या आसपासचा.

आता ‘सुधारतात का’ हा प्रश्न. हुकूमशहा शाळा बंद पाडतो, ही आपली समजूत बहुतेक वेळा चुकीची ठरते. अनेक एकछत्री राजवटींनी शाळा भरपूर काढल्या, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाने १७६३ मध्येच मुलांना शाळेत पाठवण्याची सक्ती केली, तेव्हा तिथे लोकशाहीचा मागमूस नव्हता. क्यूबात १९६१ च्या एका वर्षात लाखो प्रौढांना अक्षरओळख झाली आणि शिकवायला गेलेल्यांत शाळा-कॉलेजातली हजारो पोरं होती. हे काम खरोखर मोठं आहे. पण त्यांच्या बाराखडीच्या पुस्तिकेत पहिला धडा कोणता होता बघा. आपण ‘कमल नमन कर’ने सुरुवात केली. तिथे ओ, ए, आ हे स्वर शिकवायला शब्द निवडला होता तो अमेरिका खंडातल्या राष्ट्रांच्या संघटनेच्या नावाची आद्याक्षरं, आणि त्या संघटनेशी सरकारचं तेव्हा भांडण चाललं होतं. म्हाताऱ्या शेतकऱ्याला पहिलं अक्षर आणि सरकारचा शत्रू एकाच दिवशी कळला. वाचता येणं त्याच्या हातात आलं, काय वाचायचं ते मात्र आधीच ठरलेलं होतं.

विज्ञान तरी सुटतं का? सोव्हिएत संघात १९४८ मध्ये आनुवंशशास्त्रच नाकारणाऱ्या लिसेंकोची बाजू सरकारी म्हणून जाहीर झाली आणि आनुवंशशास्त्र अभ्यासक्रमातून गेलं. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथल्या जीवशास्त्राच्या शिक्षकांनी चुकीचं जीवशास्त्र शिकवलं, शिस्तीत, वेळेवर, पूर्ण तासिका घेऊन. ज्यांना बरोबर माहीत होतं त्यांच्यातला सर्वांत मोठा माणूस, वनस्पतिशास्त्रज्ञ वाविलोव्ह, त्याआधीच १९४३ मध्ये तुरुंगात मेला होता.

सत्ता शाळेत शिरते ती कुठून, हे मी बी.एड.च्या मुलांना दर वर्षी विचारायचो. सगळे म्हणायचे, पाठ्यपुस्तकातून. जर्मनीतला क्रम बघा. हिटलर जानेवारी १९३३ अखेर सत्तेवर आला. ७ एप्रिलला सरकारी नोकरांचा कायदा झाला आणि ज्यू शिक्षकांना, तसंच राजकीयदृष्ट्या नकोशा वाटणाऱ्यांना काढून टाकायची वाट मोकळी झाली. २५ एप्रिलला दुसरा कायदा आला, नव्या प्रवेशांत ज्यू मुलं दीड टक्क्यापेक्षा जास्त नकोत. नवी पुस्तकं सगळ्या वर्गांपर्यंत पोहोचायला मात्र पुढे कित्येक वर्षं गेली. म्हणजे आधी शिक्षक, मग हजेरीपट, पुस्तक सगळ्यात शेवटी. आणि मधल्या काळात जुन्याच पुस्तकांतून शिकवणारा शिक्षक आपण होऊन काही पानं सोडू लागला होता. १९३७ पर्यंत तिथले जवळजवळ ९७ टक्के शिक्षक पक्षाच्या शिक्षक संघटनेत होते. सगळे काही मनाने नाझी नव्हते. पुष्कळांना बढती हवी होती, पुष्कळांना नुसती नोकरी टिकवायची होती. इटलीत १९३१ मध्ये प्राध्यापकांना राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला लावली. सुमारे बाराशे जणांपैकी नकार देणारे डझनभरच निघाले.

हे आकडे मी शिक्षकांना हिणवायला देत नाही. मी त्यांच्यातलाच आहे. वेतनवाढ, बदली, सेवापुस्तकातला शेरा या गोष्टींचं ओझं काय असतं ते मला ठाऊक आहे. म्हणूनच सांगतो, शिक्षकाच्या नोकरीची सुरक्षितता हा नुसता शिक्षकांच्या पोटापाण्याचा प्रश्न समजू नका. तुमच्या मुलीच्या वर्गात कोणता धडा ‘वाचून या’ म्हणून सुटेल, ते त्यावर ठरतं.

आणि पुस्तक बदलतं तेव्हा ते नेमकं कसं बदलतं, त्यासाठी एक गणित सांगतो. त्या काळातल्या जर्मन अंकगणिताच्या पुस्तकातलं हे गाजलेलं उदाहरण आहे. मनोरुग्णांचं एक इस्पितळ बांधायला ६० लाख मार्क खर्च आला. एका घराला १५,००० मार्क लागतात. तर त्या पैशांत किती घरं झाली असती?

करून बघा. ४००. पाचवीच्या मुलालाही जमेल. गणितात कुठे चूक नाही, शिवी नाही, घोषणा नाही. मुलगा भागाकार करतो, उत्तर बरोबर येतं, बाई लाल पेनने बरोबरची खूण करतात. पण प्रश्न मांडतानाच एक गोष्ट गृहीत धरून टाकलीय, की हे रुग्ण म्हणजे चारशे कुटुंबांच्या तोंडचा घास पळवणारे. ती गोष्ट वर्गात कुणी म्हटलेलीच नाही, त्यामुळे ती खोडायला कुणी उभंही राहत नाही. १९३९ मध्ये अशा रुग्णांना ठार मारायला सुरुवात झाली आणि ऑगस्ट १९४१ पर्यंत सत्तर हजारांवर माणसं मारली गेली. ज्या मुलांनी ते गणित सोडवलं होतं त्यांना ‘का’ असा प्रश्न पडायला जागाच ठेवलेली नव्हती. गणिताच्या बाई रागीट असतील किंवा प्रेमळ, त्याने काही फरक पडत नव्हता. म्हणून मी नवीन शिक्षकांना सांगतो, उत्तरं तपासायच्या आधी प्रश्न तपासा.

आणखी एक प्रसंग सांगतो. तो मी वर्गात सांगायचो तेव्हा मागच्या बाकांवरची कुजबुजही थांबायची. वॉर्सा, १८७०च्या दशकाचा शेवट. पोलंडवर रशियन झारचं राज्य, पोलिश इतिहास शिकवायला बंदी. मुलींच्या एका खासगी शाळेत बाई तो चोरून शिकवत. निरीक्षक आला की घंटेची खूण व्हायची, वह्या लपायच्या आणि सगळ्या मुली शिवणकाम काढून बसायच्या. मग निरीक्षक एखादीला उभी करायला सांगायचा. बाई नेहमी त्याच एका मुलीला उभी करत, कारण ती वर्गात सर्वांत हुशार, तिचं रशियन अस्खलित. तिने झारांची नावं ओळीने घडाघडा म्हणून दाखवली, आपल्यावर राज्य कोण करतं तेही सांगितलं. निरीक्षक खूश होऊन गेला. तो गेल्यावर ती मुलगी रडायला लागली. तिचं नाव मारिया स्क्वोदोव्स्का, पुढे जी मादाम क्युरी झाली.

या गोष्टीत लोकांना शाळेचं धाडस दिसतं. ते आहेच. माझं लक्ष मात्र त्या मुलीच्या रडण्याकडे जातं. वर्गातल्या सर्वांत हुशार पोरीला तिच्या हुशारीचा उपयोग काय, तर न पटणारं बिनचूक म्हणून दाखवणं. कुणी तिला मारलं नाही, तिने शाबासकीच मिळवली. आता ताईंना दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला सोपं जाईल.

घरी खरं सांगितलं तर पुरतं का? थोडं पुरतं, आणि हे नुसतं माझं मत नाही. जर्मनीत १९९६ आणि २००६ मध्ये लोकांच्या मतांच्या ज्या पाहण्या झाल्या, त्यांचा अभ्यास झालाय. ज्यांचं शाळकरी वय नाझी राजवटीत गेलं त्यांच्यात ज्यूद्वेष त्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या पिढ्यांपेक्षा जास्त आढळला, साठ-सत्तर वर्षांनंतरसुद्धा. म्हणजे शाळेत पेरलेलं जन्मभर राहू शकतं. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं, की जिथे आधीपासून समाजात द्वेष होता तिथे शाळेचा परिणाम जास्त झाला, जिथे नव्हता तिथे कमी. घर आणि शेजार यांचं बोलणं वाया जात नाही, ते असं. मात्र याला दुसरी बाजू आहे. घरात शाळेसारखंच बोलणं चालू असेल तर शाळेचं काम निम्मं झालेलं असतं. जेवताना आपण जे सहज बोलतो ते मुलं ऐकत असतात, ताई.

आणि घरी शिकवायची वेळ आलीच, तर त्याची किंमत काय असते तेही सांगतो. पोलंडमध्येच दुसऱ्या महायुद्धात नाझींनी विद्यापीठं आणि माध्यमिक शाळा बंद केल्या. हिटलरच्या खास माणसाने, हिमलरने, मे १९४० मध्ये लिहून ठेवलं होतं, की पूर्वेकडच्या मुलांना चार इयत्ता पुरेत, ५०० पर्यंत आकडे, स्वतःचं नाव लिहिणं आणि जर्मनांची आज्ञा पाळणं. वाचायला शिकवायची त्याला गरज वाटत नव्हती. पोलिश शिक्षकांनी घराघरांत चोरून वर्ग घेतले, परीक्षा घेतल्या, पकडले गेले ते छळछावणीत गेले. हे फार थोर काम होतं, पण प्रत्येक घरात शिक्षक नव्हता. ज्या मुलांच्या गल्लीत असा वर्ग भरला नाही, त्यांचं काय झालं हे कुठे नोंदलेलंही नाही.

आपल्या पुण्यात अफगाण विद्यार्थी बरीच वर्षं येतात. त्यातली एक मुलगी एम.ए.च्या नोट्स विचारायला माझ्याकडे यायची. २३ मार्च २०२२ ला तिकडे मुलींच्या माध्यमिक शाळा उघडणार म्हणून जाहीर झालं होतं, मुली दप्तर घेऊन गेल्या आणि त्याच दिवशी त्यांना परत पाठवलं. तिची धाकटी बहीण त्यातली. ही रोज रात्री इथून मोबाइलवर तिला बीजगणित शिकवायची. नेट तुटायचं, कागद कॅमेऱ्यासमोर धरून दोघी पुढे जायच्या. एकदा ती म्हणाली, “सर, तिला गणित येतं. पण तिच्या शेजारी बसायला कुणी नाही, आणि तिला पास करणारं कुणी नाही.” घरच्या शिकवण्याला दाखला नसतो आणि बाकावरची मैत्रीण नसते, हे मला तिच्यामुळे नीट कळलं.

आता ‘कारणे द्या’कडे येतो, कारण मला मुळात तेच सांगायचंय. इतिहासाच्या पेपरात हा प्रश्न आपण सगळ्यांनी सोडवलाय. इंग्रजांच्या राज्यातही एकतर्फी सत्तेला हाच प्रश्न नकोसा होता. १९०७ च्या रिस्ले परिपत्रकाने विद्यार्थी-शिक्षकांना राजकारणापासून लांब राहायचा हुकूम दिला. तळेगावचं विजापूरकरांचं समर्थ विद्यालय १९१० मध्ये सरकारने बंद पाडलं. पुण्याला हे काही परकं नाही. पण प्रश्न मारायला परिपत्रकच लागतं असं नाही. गाईडमधली तीच तीन कारणं साठ वह्यांत उतरली की प्रश्न मेलाच. सोव्हिएत संघात १९८८ मध्ये शाळांची इतिहासाची परीक्षा रद्द करावी लागली, कारण पुस्तकातली उत्तरं खोटी आहेत हे सरकारलाच मान्य करावं लागलं. एवढ्या मोठ्या देशात मुलांना काय विचारायचं तेच कळेना.

मी नववीला प्लेगचा एक पाठ घ्यायचो. १८९७, पुणे, रँडसाहेबाची प्लेग कमिटी, सोल्जर घराघरांत शिरून रोगी शोधतायत. मुलांना दोन प्रकारचे कागद द्यायचो. एकात सरकारी बाजू, की एवढी कडक तपासणी केली नाही तर साथ पसरेल. दुसऱ्यात वर्तमानपत्रांतल्या तक्रारी, की देवघरात बूट घालून शिरतात, सामान जाळतात. मग तिसरी माहिती द्यायचो. गोखले तेव्हा विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवरून त्यांनी तिथे सोल्जरांनी केलेल्या अत्याचाराचे आरोप जाहीर केले आणि परत आल्यावर, पुरावा पुढे करता येईना म्हणून, जाहीर माफी मागितली. प्रश्न एकच: गोखल्यांनी माफी मागितली. कारणे द्या.

एका वर्षी एक मुलगी म्हणाली, “अत्याचार झाले असतील सर, पण ज्यांनी पत्रं लिहिली ते पुढे यायला घाबरले असणार.” मागून एक मुलगा उठला, “घाबरले हे कशावरून? आरोपच खोटे असतील.” ती म्हणाली, “मग टिळकांना त्याच वर्षी दीड वर्षाची शिक्षा का झाली? बोललं की आत जाताहेत, हे बघून कोण येईल?” तो म्हणाला, “ती शिक्षा लेखांसाठी होती, साक्षीसाठी नाही.” घंटा झाली तरी दोघं थांबेनात. शेवटी दोघांनी विचारलं, “सर, खरं काय?” मी म्हणालो, पुढच्या तासाला आणखी कागद आणतो. मला खात्रीने सांगता येण्यासारखं उत्तर नव्हतं, आणि ते नाही हे मी मुलांसमोर उघड म्हणू शकलो. हा पाठ कडक सरकारच्या शाळेत घेता येत नाही. तिथे प्लेग आटोक्यात आणणारं सरकार बरोबर, किंवा सरकार बदललं की त्याच्या उलट बरोबर, यातलं एकच चालतं.

तर ताई, आज रात्री मुलीची इतिहासाची वही उघडा. ‘कारणे द्या’च्या खाली काय आहे बघा. जमलं तर तिच्या दोन मैत्रिणींच्या वह्याही बघा. तिघींची कारणं शब्दाला शब्द सारखी असतील तर शाळेत जाऊन बाईंना भेटा, तक्रार म्हणून जाऊ नका, मुलांनी वेगळं कारण लिहिलं तर गुण मिळतात का एवढंच विचारा. बाई मोकळेपणी बोलल्या तर शाळा चांगली आहे. त्यांनी आधी दाराकडे बघितलं, तर त्यांना दोष देऊ नका, त्यांच्या बाजूने उभ्या राहा. पालक पाठीशी आहेत हे कळलं की शिक्षकाला बराच धीर येतो, हे मी स्वतः अनुभवलंय.

आणि सासऱ्यांना या गप्पांत जरूर बसवा. आणीबाणीत मास्तर वेळेवर यायचे हे त्यांनी सांगितलंच आहे. ते वेळेवर आलेले मास्तर तेव्हा वर्गात कशावर बोलायचे आणि कशावर बोलायचं टाळायचे, हे तुमच्या मुलीला त्यांना विचारू द्या.